सोलापूर : कामासाठी आलेल्या माणसांचे शहर

२०११ च्या जनगणनेत सोलापूर महापालिकेच्या हद्दीत ९ लाख ५१ हजार ५५८ माणसे मोजली गेली. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर क्षेत्रासाठी किमान १० लाख लोकसंख्या धरली आहे. सोलापूर त्या आकड्याला जेमतेम अर्ध्या लाखाने कमी पडले. मुंबई-पुण्याच्या मानाने हे मध्यम शहर. पण तेलुगू, कन्नड, मराठी आणि दख्खनी उर्दू या चार भाषा घराघरांत, गल्लीगल्लींत आणि एकाच रिक्षा थांब्यावर ऐकू येतात असे दुसरे मोठे शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. हे लोक आले कुठून, कोणत्या कामाने आले, एकमेकांशेजारी कसे राहिले आणि आता त्यांची मुले शहर सोडून का चालली आहेत, याचा हा आढावा.

आकडे काय सांगतात

१९०१ साली सोलापूरची वस्ती सुमारे ७५ हजार होती. त्यानंतरची पन्नास वर्षे गिरण्यांची होती. विसाव्या शतकाच्या मध्याला, आजच्या महाराष्ट्राच्या नकाशावर पाहिले तर मुंबई, पुणे आणि नागपूर यांच्यानंतर सोलापूरचाच क्रमांक लागे. २०११ मध्ये हेच शहर राज्यात अकराव्या क्रमांकावर होते. ठाणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, औरंगाबाद, नवी मुंबई ही सगळी शहरे त्याला मागे टाकून पुढे गेली.

दशकांची वाढ पाहताना एक खबरदारी घ्यावी लागते. १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या ६ लाख ४ हजार होती, २००१ मध्ये ती ८ लाख ७२ हजारांवर गेली. ही झेप जन्मदराची किंवा नव्या उद्योगांची नव्हे. १९९२ मध्ये भोवतालची गावे महापालिकेत आली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरचे झाले. सोलापूरकर अजूनही 'गावठाण भाग' आणि 'हद्दवाढ भाग' असे दोन शहरांसारखे बोलतात. शहराचा खरा वेग कळतो तो पुढच्या दशकात, हद्द कायम असताना. २००१ ते २०११ या काळात सोलापूर अवघे ९ टक्के वाढले. त्याच दहा वर्षांत नाशिक शहर ३८ टक्के, पुणे महापालिका २३ टक्के आणि अख्खा महाराष्ट्र सुमारे १६ टक्के वाढला. नैसर्गिक वाढ सगळीकडे असतेच. ती धरूनही एखादे शहर राज्याच्या सरासरीच्या इतके मागे राहते, तेव्हा त्याचा अर्थ उघड आहे : येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त झाले आहेत.

ज्या शहराचा जवळजवळ प्रत्येक समाज बाहेरून कामासाठी आला, त्या शहराच्या बाबतीत ही गोष्ट साधी मानता येत नाही.

कसबा, सिद्धरामेश्वर आणि कन्नड मुळे

सोलापूरचा सर्वांत जुना थर कन्नड-मराठी असा जोड आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांचे समकालीन. त्यांनी वचने लिहिली ती कन्नडमध्ये, तळे खोदले आणि लिंगे स्थापली ती इथल्या मातीत. आजही संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर जत्रा भरते. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले आहेत, म्हणून ही यात्रा एकट्या लिंगायतांची न राहता गावाची झाली.

लिंगायत समाजाचा पाया व्यापारात आणि शेतीत. उत्तर कसबा, बाळीवेस, मंगळवार पेठ या जुन्या भागांत त्यांची दुकाने, मठ आणि पेढ्या आहेत. घरात कन्नड, बाजारात मराठी असा त्यांचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतून, तसेच विजयपूर-कलबुर्गीकडून येणाऱ्या माणसांमुळे हा प्रवाह कधी आटला नाही. सीमाप्रश्नाच्या चर्चेत सोलापूरचे नाव वारंवार येते; पण शहरातल्या लिंगायत व्यापाऱ्याच्या दृष्टीने सीमा ही रोजच्या देवघेवीची वाट आहे. ज्वारी, तूर, गूळ, रुग्ण आणि लग्नाची स्थळे या वाटेने दोन्ही बाजूंना जातात.

पुढे बहमनी आणि आदिलशाही राजवटींनी दुसरा थर दिला. भुईकोट किल्ला त्याची साक्ष आहे. चांदबिबीच्या विवाहात हा किल्ला अहमदनगरच्या निजामशहाने विजापूरकरांना आंदण दिला होता. शहरातली मुस्लिम वस्ती आज एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक-पंचमांश आहे, जिल्ह्याच्या प्रमाणाच्या दुप्पट. विजापूर वेस हा त्यांचा जुना बाजार, नई जिंदगी ही अलीकडची मोठी वसाहत. बागवान, मोमीन, शिकलगार अशा व्यवसायांवरून ओळखल्या जाणाऱ्या बिरादऱ्या इथे आहेत. त्यांची दख्खनी उर्दू मराठी-कन्नडच्या सहवासात इतकी मुरली आहे की लखनौच्या माणसाला ती परकी वाटावी.

रेल्वे, दुष्काळ आणि पूर्व भाग

१८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरात पोचली. सोलापूर ब्रिटिश मुंबई इलाख्यात, आणि त्याच्या पूर्वेला निजामाचे राज्य लागूनच. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला तेव्हा तेलंगणातले विणकर रूळ आणि रोजगार असलेल्या या गावाकडे वळले. याच वेळी, १८७७ मध्ये, मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. सोलापूरकरांची ही 'जुनी मिल'. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्याच्या वेळेवर चालणारे गाव तयार झाले.

तेलंगणातून आलेल्या विणकरांत सर्वांत मोठा समाज पद्मशालींचा. ते गिरणीतही राबले आणि घरच्या हातमागावरही. साखर पेठ, दत्त नगर, कन्ना चौक, अशोक चौक, भवानी पेठ, घोंगडे वस्ती असा शहराचा पूर्व भाग त्यांनी वसवला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, नवरात्रात बायका बतुकम्माची फुले रचतात. जॅकार्डवर विणलेली सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल ही पूर्व भागाची ओळख, आणि दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळाले. भिवंडीतले पद्मशाली यंत्रमाग कामगारही मूळचे याच तेलंगणा पट्ट्यातले, त्यामुळे सोलापूर-भिवंडी हे नाते आजही सोयरिकीतून टिकून आहे.

या समाजाचे वजन राजकारणातही दिसले. सोलापूर लोकसभा मतदारसंघातून १९८० आणि १९८४ मध्ये गंगाधर कुचन, १९८९ आणि १९९१ मध्ये धर्मण्णा सादुल, १९९६ मध्ये लिंगराज वल्याळ निवडून आले. लागोपाठ पाच निवडणुकांत मराठी मुलखाने तेलुगू मातृभाषेचा खासदार दिल्लीला पाठवला, तोही एकाच पक्षाचा नव्हे. स्थलांतरितांना शहराने किती आपलेसे केले याचा याहून ठोस पुरावा शोधायची गरज नाही.

कुंपणाआडची वस्ती

सोलापूरच्या लोकसंख्येचा एक थर स्वेच्छेने आला नाही. १८७१ च्या आणि त्यानंतर विस्तारत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशभरातल्या भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबई इलाख्यात या समाजांसाठी सेटलमेंट उभ्या राहिल्या, त्यांतली एक प्रमुख सोलापुरात. कैकाडी, टकारी, भामटा, पारधी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा समाजांतील कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. रोज हजेरी, बाहेर जायला पास, आणि गिरण्यांना हवे ते स्वस्त मनुष्यबळ म्हणून काम. सरकार याला सुधारणा म्हणत होते. गिरण्यांच्या दृष्टीने तो मजुरांचा खात्रीचा पुरवठा होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि हे समाज विमुक्त झाले. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे वस्तीचे नाव मात्र शहराच्या पत्त्यांत कायम राहिले. कुंपण गेले तरी पोलिसांचा संशय, जातीच्या दाखल्याची वणवण आणि शिक्षणातली गळती इतक्या सहज गेली नाही. सोलापूरच्या विविधतेचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने या वस्तीचा हिशेबही मांडला पाहिजे, कारण शहराच्या समृद्धीत यांचा घाम आहे आणि वाटा सर्वांत कमी.

गावकुसाबाहेरून शहरात

गिरणीने दलित समाजांनाही गावगाड्यातून बाहेर काढले. महार आणि मातंग कुटुंबे जिल्ह्यातून आणि मराठवाड्यातून आली. मोची आणि वडार समाजांच्या घरांत तेलुगूच्या बोली टिकल्या, ढोर समाज कातड्याच्या कामाने शहराशी बांधला गेला. बलुत्याच्या जागी पगार मिळाला, संघटना करण्याची सवय लागली आणि आंबेडकरी चळवळीला इथे भक्कम पाया मिळाला. याच ढोर समाजातले सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या न्यायालयात शिपाई म्हणून राबले आणि २००३ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. २००९ पासून सोलापूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांनी चाटी गल्लीचा कापडबाजार आणि घाऊक व्यापार सांभाळला. गुजरातकडून आलेल्या दिगंबर जैन कुटुंबांपैकी एकात १८८२ मध्ये वालचंद हिराचंद जन्मले. पुढे त्यांनी देशी जहाज, विमान आणि मोटार उद्योगाचा पाया घातला. अमेरिकन मराठी मिशनने मुलींच्या आणि बालवाडी शिक्षिकांच्या शिक्षणाला हात घातला. आर्य समाजाची देशव्यापी परिषद डिसेंबर १९३८ मध्ये सोलापुरात भरली आणि तिथून हैदराबादच्या सत्याग्रहाला बळ मिळाले. निजामाच्या सीमेवरचे हे ब्रिटिश गाव त्याच्या राज्यातून बाहेर पडणाऱ्यांचा आसरा होते. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातली आणि तेलंगणातली कितीतरी कुटुंबे इथे आली आणि काही इथेच राहिली.

चार फाशी, एक शहर

मे १९३० मध्ये, स्वातंत्र्य आंदोलनाच्या वेळी, सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चार सोलापूरकरांना फाशी दिली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुस्लिम. ही निवड कुणी ठरवून केली नव्हती. त्या काळचे सोलापूर रस्त्यावर उतरले तेव्हा ते असेच उतरले, आणि ब्रिटिशांनी पकडले ते असेच पकडले.

ही एकजूट कुठून आली? माझ्या मते तिचे उत्तर धार्मिक सद्भावनेपेक्षा कामाच्या ठिकाणी अधिक सापडते. गिरणीच्या एकाच छताखाली तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे कामगार एका पाळीत राबत, एका दरवाजातून बाहेर पडत, एकाच मालकाशी भांडत. राहायला पेठा वेगळ्या होत्या, लग्ने जातीतच होत होती, देवळे आणि मशिदी आपापल्या होत्या. तरी दिवसाचे आठ-दहा तास सामाईक होते. सोलापूरच्या सहजीवनाचा तो खरा पाया होता.

पाया निसटला तेव्हा

गिरण्यांना १९६० च्या दशकापासून घरघर लागली आणि नवे शतक उजाडेपर्यंत त्यांतल्या बहुतेक एकामागून एक बंद पडल्या. काम संपले नाही, पण त्याचे रूप बदलले. पुरुष यंत्रमागावर गेले, तेही बहुतेक वेळा गल्लीतल्या, आपल्याच समाजातल्या कारखानदाराकडे. बायका विड्या वळू लागल्या. कारखान्याच्या शाखेतून तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणायचा, हजाराच्या हिशेबाने विड्या वळून परत द्यायच्या. सोलापूरचा विडी उद्योग हजारो बायकांच्या बोटांवर उभा आहे, आणि त्यांत पद्मशाली बायका फार मोठ्या प्रमाणात आहेत. गिरणीत कामगार म्हणून जी नोंद, जी रजा, जी संघटना होती, ती घरात बसून काम करणाऱ्या बाईपर्यंत पोचायला कायदे आणि लढे दोन्ही लागले.

कामाची जागा सामाईक होती ती घरात आणि गल्लीत आली, तसे समाजही आपापल्या पेठांत आक्रसले. निवडणुकीची गणिते प्रभागनिहाय जातींवर मांडली जाऊ लागली. मुलांच्या शाळा भाषेवरून वेगळ्या होत्याच. महापालिकेने मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या शाळा चालवल्या, ही अभिमानाची गोष्ट. पण आईवडिलांचा ओढा इंग्रजीकडे आणि रोजगाराची भाषा म्हणून मराठीकडे वळला, तशा तेलुगू शाळा आटत गेल्या. पूर्व भागातली नवी पिढी आजीशी तेलुगूत बोलते. वाचायला-लिहायला मात्र तिला तेलुगू येत नाही.

या काळातली सर्वांत मोठी नवी घटना शहराच्या पूर्व कडेला, कुंभारी परिसरात घडली. नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी घरांसाठी लढा दिला आणि गोदुताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या दिल्या गेल्या. त्याच्याच पुढे असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे नगर मंजूर झाले. त्यातल्या १५ हजार घरांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, रिक्षाचालक असे निरनिराळे लोक इथे कामाच्या निकषावर शेजारी आले, जातीच्या नव्हे. गिरणी गेल्यानंतर सोलापुरात समाजांचे मिश्रण पुन्हा मोठ्या प्रमाणावर घडण्याची शक्यता दिसते ती इथे. त्या वस्तीला पाणी, बस, शाळा आणि दवाखाना नीट मिळाला तरच ती शक्यता खरी ठरेल. नाहीतर शहराच्या कडेला गरिबांना ढकलल्याचे आणखी एक उदाहरण होईल.

कोण जाते आहे?

दरम्यान मध्यमवर्गाने पश्चिम आणि दक्षिण बाजू धरली. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड इथल्या सोसायट्यांत शिक्षक, डॉक्टर, रेल्वे आणि बँक कर्मचारी आले. तिथे भाषा मराठी, जातीची सरमिसळ तुलनेने जास्त. पण घरांत माणसे कमी, कारण मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा हैदराबादेत आहेत. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. शहर शिकवते, पण शिकलेल्याला काम देत नाही. चार हुतात्म्यांची आठवण म्हणून जिचे नाव ठेवले ती हुतात्मा एक्स्प्रेस रोज सोलापूरची तरुणाई पुण्याला पोचवते.

२०११ मध्ये सोलापुरात दर हजार पुरुषांमागे ९७८ स्त्रिया होत्या, राज्याच्या ९२९ या प्रमाणापेक्षा बऱ्याच जास्त. बाहेरून पुरुषांना ओढून घेणाऱ्या औद्योगिक शहरांत हे प्रमाण घसरते. जिथून पुरुष बाहेर जातात आणि जिथे बाईच्या कमाईवर घर चालते, तिथे ते वर राहते. विडी वळणाऱ्या बायकांनी हे शहर धरून ठेवले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

जाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचे पणजोबा करीमनगरहून, कलबुर्गीहून, तुळजापूरहून याच कारणासाठी निघाले होते. दोष असलाच तर तो नियोजनाचा आहे. उजनी धरण भरलेले असताना नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. चादरी-टॉवेलच्या उद्योगाने गणवेश आणि तयार कपड्यांकडे वळून नवी वाट काढली, त्याला पाठबळ अपुरे पडते. स्मार्ट सिटीच्या २०१६ च्या पहिल्या यादीत नाव आले, रस्ते आणि चौक नटले. कामाची नवी जागा उभी राहिली नाही.

काय केले पाहिजे

सोलापूरची बहुभाषिकता हा उत्सवाचा विषय होऊन चालणार नाही. ती कामातून जन्मली, आणि कामातूनच टिकेल. वेगवेगळ्या समाजांतील माणसे एका छताखाली राबतील असे मोठे कापड उद्योग, कपडे शिवणारे कारखाने आणि सेवा उद्योग शहरात आले पाहिजेत; घरबसल्या काम करणाऱ्या बायकांना पर्यायी, सुरक्षित रोजगार मिळाला पाहिजे. मराठी शाळेत तेलुगू आणि कन्नड हे ऐच्छिक विषय म्हणून शिकवले तर भाषा टिकतील आणि मुले हैदराबाद-बंगळुरूच्या बाजारपेठेलाही जोडली जातील. सेटलमेंट भागाला जातीचे दाखले देण्याची खास मोहीम ही शहराने फेडायची जुनी बाकी आहे.

येत्या २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. आजवरच्या जनगणनेत मातृभाषा, येत असलेल्या इतर भाषा, जन्मस्थान आणि स्थलांतराचे कारण हे प्रश्नही विचारले गेले आहेत. सोलापूरसाठी या प्रश्नांचे मोल जातीच्या रकान्याहून कमी नाही. तेव्हा प्रत्येक सोलापूरकराला विनंती : प्रगणक दारात आला की मातृभाषेच्या रकान्यात सोयीची नव्हे, घरात बोलली जाणारी भाषा सांगा. तेलुगू असेल तर तेलुगू, कन्नड असेल तर कन्नड, कैकाडी असेल तर कैकाडी. घरातला मुलगा किंवा मुलगी कामासाठी बाहेर गेली असेल तर महापालिकेकडे, लोकप्रतिनिधींकडे त्याचे कारणही मांडा. आणि महापालिकेने हे आकडे प्रभागवार मराठीत जाहीर करावेत. कोण आले, कोण राहिले आणि कोण का गेले हे कळल्याशिवाय या शहराचा पुढचा आराखडा प्रामाणिकपणे आखता येणार नाही.